लाळग्रंथीची गाठ: सुईच्या तपासणीवर किती विसंबायचे?

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याखाली हाताला गाठ लागली, की लोक साधारण दोन प्रकारे वागतात. काहीजण त्याच रात्री मोबाइलवर शोधत शोधत कॅन्सरपर्यंत पोचतात. काहीजण "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणत वर्ष-दोन वर्षे काढतात. दोघांनाही शेवटी बहुधा एकच तपासणी सांगितली जाते. ती म्हणजे एफएनएसी, बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. रिपोर्ट हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, यात साधी गाठ लिहिली आहे. म्हणजे नक्की ना?"

रामदासपेठेत दवाखाने आणि लॅब इतक्या जवळजवळ आहेत, की सकाळी सुई लावून घेतलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन दारात उभा असतो. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळ किंवा छिंदवाड्याहून आलेल्या माणसाला तर त्याच दिवशी परतीची गाडी गाठायची असते. त्यामुळे रिपोर्टच्या एका ओळीवर घाईने निर्णय घेतले जातात. ती ओळ काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे या लेखात पाहू.

लाळग्रंथी कुठे असतात?

आपल्याला मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सर्वांत मोठी कानाच्या पुढे आणि खाली असते, तिला पॅरोटिड म्हणतात. गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच. दुसरी जबड्याच्या हाडाखाली असते, ती सबमँडिब्युलर. तिसरी जिभेखाली असते, ती सबलिंग्वल. याशिवाय टाळू, ओठ, गालाची आतली बाजू आणि घसा येथे शेकडो बारीक लाळग्रंथी पसरलेल्या असतात.

पॅरोटिडबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस या ग्रंथीच्या आतून जाते. डोळा मिटणे, हसणे, गाल फुगवणे ही सगळी कामे त्या नसेवर चालतात. म्हणून पॅरोटिडमधली गाठ मानेवरच्या चरबीच्या गाठीसारखी सहज कापून काढता येत नाही आणि म्हणूनच सुईच्या तपासणीला इथे इतके महत्त्व आहे.

प्रत्येक गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे

जबड्याखालची गाठ जेवताना फुगत असेल, दुखत असेल आणि थोड्या वेळाने उतरत असेल, तर बहुतेक वेळा लाळेच्या नळीत खडा अडकलेला असतो. ताप, लाली आणि वेदना असतील तर जंतुसंसर्ग असू शकतो. आपल्याकडे टीबीची गाठही याच जागी येते, कारण पॅरोटिडच्या आत आणि जबड्याखाली लसिकाग्रंथी असतात.

विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या जबड्याखाली कडक गाठ आली, तर ती लाळग्रंथीची नसून तोंडातल्या कॅन्सरमुळे वाढलेली लसिकाग्रंथी असू शकते. अशा वेळी गाठीला सुई लावण्याआधी तोंड नीट उघडून, जीभ बाजूला करून, गालाची आतली बाजू आणि हिरड्या पाहायला हव्यात. तोंड नीट उघडत नसेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खुद्द लाळग्रंथीतून उगवणाऱ्या गाठींत सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. ही कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते आणि दुखत नाही. दुसरी वार्थिन्स ट्यूमर, ती बहुधा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या वयस्क माणसांत दिसते आणि तीही कॅन्सर नसते. कॅन्सरमध्ये म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा ही नावे रिपोर्टमध्ये जास्त दिसतात.

साधारण नियम असा, की ग्रंथी जितकी लहान तितकी शंका जास्त. पॅरोटिडमधल्या १०० पैकी सुमारे ८० गाठी कॅन्सरच्या नसतात. जबड्याखालच्या ग्रंथीत कॅन्सरचे प्रमाण १०० पैकी ४० ते ५० पर्यंत जाते. जिभेखालच्या ग्रंथीतील बहुतेक गाठी, आणि टाळूसारख्या ठिकाणच्या बारीक ग्रंथींमधील निम्म्याहून जास्त गाठी कॅन्सरच्या निघतात.

सुईची तपासणी कशी होते?

इंजेक्शनची असते तशीच, किंबहुना तिच्यापेक्षाही बारीक सुई गाठीत घालून आतल्या आत काही वेळा मागे-पुढे हलवतात. सुईत आलेला थेंबभर ऐवज काचपट्टीवर पसरून, रंग देऊन पॅथॉलॉजिस्ट तो पाहतात. एका वेळेला काही सेकंद लागतात आणि बहुधा भूल लागत नाही. पुरेसा ऐवज यावा म्हणून दोन-तीन वेळा सुई लावली जाऊ शकते. नंतर थोडा वेळ कापसाने दाबून धरले की घरी जाता येते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका.

दुसरा प्रकार म्हणजे कोअर बायोप्सी. यात जाड सुई वापरतात, जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत पाहत गाठीचा बारीक दोऱ्यासारखा तुकडा काढतात. फरक सोप्या शब्दांत असा: एफएनएसीत भिंतीच्या सुट्या विटा हातात येतात, तर कोअर बायोप्सीत भिंतीचा छोटा तुकडा येतो. विटांवरून भिंत कशी बांधली होती याचा अंदाज करावा लागतो. तुकड्यात ते दिसते.

मग अचूकता किती?

जगभरातल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तर लाळग्रंथीतील खऱ्या कॅन्सरपैकी सुमारे ८० टक्के एफएनएसीत पकडले जातात. कॅन्सर नसलेल्या गाठींपैकी सुमारे ९७ टक्के गाठींना ती बरोबर 'कॅन्सर नाही' म्हणते. कोअर बायोप्सीत पहिला आकडा ९० टक्क्यांच्या वर जातो आणि दुसरा जवळजवळ १०० टक्के असतो.

टक्केवारीने गोंधळ होतो, म्हणून माणसे मोजून पाहू. पॅरोटिडमध्ये गाठ असलेले १०० लोक घ्या. त्यातल्या २० जणांना कॅन्सर आहे आणि ८० जणांना नाही, असे धरू.

कॅन्सर असलेल्या २० पैकी १६ जणांचा रिपोर्ट बरोबर येईल आणि ४ निसटतील. कॅन्सर नसलेल्या ८० पैकी सुमारे ७८ जणांचा बरोबर येईल आणि दोघांना विनाकारण कॅन्सर सांगितला जाईल. म्हणजे 'साधी गाठ' असा रिपोर्ट ८२ जणांच्या हातात पडेल आणि त्यातल्या चौघांना प्रत्यक्षात कॅन्सर असेल. साधारण २० रिपोर्टमागे एक.

आता हाच हिशेब जबड्याखालच्या ग्रंथीसाठी करू. तिथे १०० पैकी ४० जणांना कॅन्सर आहे असे धरा. ३२ पकडले जातील, ८ निसटतील. उरलेल्या ६० पैकी ५८ जणांना बरोबर 'साधी गाठ' सांगितले जाईल. म्हणजे 'साधी गाठ'चे ६६ रिपोर्ट आणि त्यात ८ कॅन्सर. साधारण ८ रिपोर्टमागे एक.

सुई तीच, लॅब तीच, रिपोर्टवरचे शब्दही तेच, पण गाठ कुठे आहे त्यावर त्या शब्दांचे वजन बदलले. म्हणून शेजारच्या काकांच्या रिपोर्टशी आपला रिपोर्ट ताडून पाहू नये आणि डॉक्टरांनीही केवळ कागद पाहून, गाठीला हात न लावता सल्ला देऊ नये.

हा हिशेब समजण्यापुरता आहे. यात प्रत्येक रिपोर्ट 'कॅन्सर आहे' किंवा 'नाही' या दोनच खणांत टाकला आहे. प्रत्यक्षात अनुभवी पॅथॉलॉजिस्ट शंकेच्या गाठींना मधल्या खणांत ठेवतात. त्यामुळे स्पष्ट 'साधी गाठ' लिहिलेला रिपोर्ट वरच्या हिशेबापेक्षा जास्त भरवशाचा ठरतो.

रिपोर्टमधले 'मिलान' म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट आपापल्या शब्दांत रिपोर्ट लिहीत आणि सर्जनला अर्थ लावत बसावे लागे. यावर उपाय म्हणून इटलीतल्या मिलान शहरात २०१५ मध्ये झालेल्या परिषदेतून एक समान पद्धत तयार करण्याचे काम सुरू झाले. २०१८ मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. आता अनेक रिपोर्टवर 'मिलान कॅटेगरी' असा उल्लेख असतो. तिचे सहा खण असे आहेत. पुढे दिलेला धोका म्हणजे शंभरात किती गाठी शेवटी कॅन्सरच्या निघतात, त्याचा दुसऱ्या आवृत्तीतला अंदाज.

१. अपुरा नमुना: पेशी पुरेशा आल्या नाहीत. धोका सुमारे १५. हा रिपोर्ट 'नॉर्मल' नव्हे. तपासणी पुन्हा करायची असते, शक्यतो सोनोग्राफीच्या मदतीने.

२. गाठ नव्हे, सूज किंवा संसर्ग: खडा, जुनाट सूज, टीबी, वाढलेली लसिकाग्रंथी असे काही. धोका सुमारे ११. उपचाराने गाठ गेली नाही तर पुन्हा पाहावे लागते.

३. अनिश्चित: पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण नाव देता येत नाही. धोका सुमारे ३०.

४. ट्यूमर: याचे दोन भाग आहेत. पहिला, कॅन्सर नसलेला ट्यूमर, धोका ३ पेक्षा कमी. दुसरा, ट्यूमर आहे पण कोणत्या स्वभावाचा ते सांगता येत नाही, धोका सुमारे ३५.

५. कॅन्सरची दाट शंका: धोका सुमारे ८३.

६. कॅन्सर: धोका ९८ हून जास्त.

रिपोर्ट घेताना कोणता आकडा लिहिला आहे ते पाहा आणि चौथा असेल तर 'अ' की 'ब' तेही विचारा. 'चौथी कॅटेगरी' म्हणजे 'चौथी स्टेज' नव्हे. हा गैरसमज मी घराघरांत रडारड घडवताना पाहिला आहे.

सुई कुठे चुकते?

यात दर वेळी कुणाचा हलगर्जीपणा असतो असे नाही. अडचण गाठींच्या स्वभावातही आहे.

- पाणी भरलेली गाठ: काही म्युकोएपिडरमॉइड कॅन्सरमध्ये चिकट द्रव जास्त आणि पेशी कमी असतात. सुईत नुसता द्रव आला तर साधी पाण्याची गाठ वाटू शकते. म्हणून द्रव काढल्यावर गाठ उरली, तर उरलेल्या घट्ट भागाला पुन्हा सुई लावायला हवी.
- दिसायला जुळ्या गाठी: प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा यांच्या पेशी कधी कधी इतक्या सारख्या दिसतात, की सुट्या पेशींवरून फरक करणे कठीण जाते.
- कडा दिसत नाही: काही कॅन्सर ओळखण्यासाठी गाठ शेजारच्या भागात घुसली आहे का, हे पाहावे लागते. सुट्या पेशींत ते दिसत नाही.
- लिम्फोमा: वाढलेली साधी लसिकाग्रंथी आणि लसिकांचा कॅन्सर यांतला फरक अनेकदा एफएनएसीत कळत नाही. त्यासाठी कोअर बायोप्सी, विशेष तपासण्या किंवा पूर्ण ग्रंथी काढून पाहणे लागते.
- लहान किंवा खोल गाठ: हाताने चाचपून लावलेली सुई शेजारच्या चांगल्या भागात जाऊ शकते. मग रिपोर्ट 'नॉर्मल ग्रंथी' असा येतो आणि गाठ तशीच राहते.

म्हणून डॉक्टर तीन गोष्टी एकत्र मांडतात: हाताला गाठ कशी लागते, सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कशी दिसते आणि सुईत काय आले. तिन्ही एकच सांगत असतील तर निश्चिंत व्हावे. एक जरी वेगळे बोलत असेल, तर सुई पुन्हा लावणे किंवा कोअर बायोप्सी करणे योग्य.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सुई लावल्याने कॅन्सर पसरतो का?
ही भीती खेड्यात आणि शहरात सारखीच आहे. बारीक सुईमुळे सुईच्या वाटेवर कॅन्सर रुजणे ही अत्यंत विरळ गोष्ट आहे. या भीतीपोटी सहा महिने वाया जाण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. "सुई लावली आणि नंतर गाठ वाढली" असे जे ऐकू येते, त्यात बहुधा आतली गाठ मुळातच वाढत असते. कधी सुईनंतर थोडे रक्त साचून काही दिवस सूज दिसते.

गाठ शेवटी काढायचीच आहे, तर आधी सुई कशाला?
तीन कारणांसाठी. एक, टीबी किंवा लिम्फोमा असेल तर उपचार औषधांनी होतो आणि ग्रंथी काढण्याची गरज नसते. टीबीची शंका असेल तर सुईने काढलेला ऐवजच सीबीनॅट तपासणीला पाठवता येतो. दोन, ऑपरेशन केवढे करायचे, मानेतल्या ग्रंथी काढायच्या का, नसेला किती धोका आहे, हे आधी ठरवता येते आणि रुग्णाला सांगता येते. तीन, वयस्क माणसात वार्थिन्स ट्यूमर निघाला आणि त्रास नसेल, तर नुसते लक्ष ठेवूनही चालू शकते.

त्यापेक्षा छोटासा काप देऊन तुकडा का काढत नाहीत?
पॅरोटिडच्या बाबतीत हे टाळतात. नसेला इजा होऊ शकते, जखमेतून लाळ झिरपत राहू शकते आणि गाठीचे कवच फुटून पेशी आजूबाजूला सांडू शकतात. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाला बारीक फुगवटे असतात. ती नुसती सोलून काढली किंवा फुटली, तर काही वर्षांनी त्याच जागी अनेक लहान गाठी उगवतात आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नस वाचवणे जास्त अवघड होते. म्हणून कानाखालची गाठ 'चरबीची असेल' म्हणून जागा बधिर करून लहान ठिकाणी काढून घेऊ नका. आधी सुई, मग डोके-मानेच्या ऑपरेशनचा अनुभव असलेला सर्जन, हा क्रम ठेवा.

रिपोर्ट 'साधी गाठ' आला, दुखतही नाही. मग ऑपरेशन का सांगतात?
प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा आज कॅन्सर नसला तरी वाढत राहतो आणि वर्षानुवर्षे ठेवल्यास त्यातल्या काहींचे कॅन्सरमध्ये रूपांतर होते. पहिल्या काही वर्षांत हा धोका कमी असतो. १५ वर्षांहून जुन्या गाठीत तो १० टक्क्यांच्या आसपास जातो असे मानले जाते. गाठ लहान असताना ऑपरेशन सोपे असते. मात्र ही घाईची गोष्ट नसते. पेरणी, परीक्षा, घरचे लग्न आटोपून काही आठवड्यांनी केले तरी चालते. पुढे ढकलत दहा वर्षे घालवू नयेत, एवढेच.

ऑपरेशननंतरचा रिपोर्ट वेगळा आला तर?
असे होऊ शकते. संपूर्ण गाठीची तपासणी म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजी, आणि तोच अंतिम निर्णय. सुईचा रिपोर्ट हा त्याआधीचा सर्वांत चांगला अंदाज असतो. म्हणून काढलेली गाठ तपासणीला पाठवलीच पाहिजे आणि तो रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

कुठे आणि कशी करून घ्यावी?

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या पॅथॉलॉजी विभागांत, तसेच अनेक खासगी लॅबमध्ये एफएनएसी होते. कॅन्सर निघाला तर तुकडोजी चौकातले राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट अशा संस्था इथेच आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

दुसरा सल्ला घ्यायला जाताना कागदाबरोबर काचपट्ट्याही मागून न्या. लॅब त्या जपून ठेवते आणि विनंती केल्यावर देते. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने त्याच पट्ट्या पाहिल्या तर अनेकदा पुन्हा सुई लावावी लागत नाही.

डॉक्टरांना हे जरूर विचारा:

- गाठ लाळग्रंथीची आहे की लसिकाग्रंथीची?
- नमुना पुरेसा होता का? सुई सोनोग्राफीत पाहून लावली होती का?
- मिलान कॅटेगरी कोणती?
- सोनोग्राफी आणि सुईचा रिपोर्ट एकमेकांशी जुळतात का?
- लक्ष ठेवायचे असेल तर पुन्हा कधी दाखवू?

रिपोर्ट चांगला असूनही कधी थांबू नये?

गाठीच्या बाजूचा डोळा मिटेनासा झाला किंवा तोंड वाकडे झाले, तर त्याला नुसता लकवा समजून मालिश करत बसू नका. गाठ आणि चेहऱ्याची कमजोरी एकत्र आली तर कॅन्सर नसेवर पोचल्याची शंका घ्यावी लागते. गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढणे, दगडासारखी कडक होऊन जागची न हलणे, सतत दुखणे किंवा बधिरपणा, वरची त्वचा लाल होऊन फुटणे, मानेत आणखी गाठी येणे, ही लक्षणे असतील तर मागच्या महिन्यातला 'साधी गाठ'चा रिपोर्ट बाजूला ठेवून त्याच आठवड्यात पुन्हा दाखवा. सुईचा रिपोर्ट त्या दिवशीच्या, त्या टोचलेल्या जागेपुरता असतो. त्यानंतर गाठीत काय बदल होतो ते तुम्हालाच आधी कळणार आहे. म्हणून महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून दोन्ही बाजू चाचपून पाहा आणि बदल वाटला तर तारखेसह लिहून ठेवा.